बिनबाकीची गणितं

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि गावाबाहेर एक जुनी दगडी बारव होती. पिण्याचं पाणी गाव दुसऱ्या विहिरीवरून आणत असे. या पायऱ्यांच्या विहिरीत मात्र गणिताची शाळा भरे.

वरच्या पायऱ्यांवर आकडे शिकणारी चिल्लीपिल्ली बसत. त्यांच्या खाली बेरीज-वजाबाकीवाले. मग पाढे म्हणणारे. पाढ्यांच्या खाली पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे. आणि अगदी तळाशी, पाण्याला टेकलेल्या पायरीवर, वाटणीचे हिशेब: इतक्याला इतकं, तर तितक्याला किती? तिथली मुलं पाण्यात पाय सोडून बसत. बारीक मासे येऊन त्यांच्या टाचांना गुदगुल्या करत, आणि मुलं पाय न हलवता हिशेब करत.

शाळेचे पंतोजी म्हातारे होते. त्यांच्या हातात छडी नसे. 'चल, उतर खाली' असं ते कुणाला म्हणत नसत आणि 'थांब, इतक्यात नको' असंही म्हणत नसत. पायरी कधी उतरायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. रीत एकच. उतरण्याआधी आपली गणितं आपण रचायची, आपणच सोडवायची, आणि मग आपल्याच मनाला विचारायचं, "झालं का रे?" मन हो म्हणालं की उतरायचं. खाली जमलं नाही तर खुशाल वर यायचं. वर आलेल्याला कुणी हसलं, तर हसणाऱ्याला त्या दिवशी बारवेतला सगळा पालापाचोळा काढावा लागे.

"एका दिवशी पेरलं म्हणून सगळी कणसं एका दिवशी भरत नाहीत," पंतोजी म्हणत.

पाढ्यांच्या पायरीवर भिवरा नावाची मुलगी बसे. मुलगी हुशार होती आणि तिची नजर तर फारच तीक्ष्ण होती. पण ती नजर पाटीवर कमी आणि तळाच्या पायरीवर जास्त असे, कारण तिथे त्या वर्षी एकटी मैना बसायची.

मैना तिच्याच आळीतली, तिच्याच वयाची. दोघी एकाच दिवशी शाळेत आल्या होत्या. आता भिवराला वरून मैनेची फक्त पाठ दिसे. त्या पाठीवरची वेणी, वेणीतला सैल सुटलेला पेड, मान खाली घातली की मानेवर उठणारं हाड, सगळं भिवराला पाठ झालं होतं. सतराचा पाढा तेवढा पाठ झाला नव्हता. मैनेने पाटी पुसली की भिवराचा हात थांबे. मैना हसली की भिवराला वाटे, आपल्यालाच हसली. शाळा सुटली की मैनेची ओली पावलं दगडावर उमटत वर जात, आणि भिवरा मागून येऊन आपल्या कोरड्या पायांनी ती मुद्दाम पुसत पुसत घरी जाई.

घरी आई वाट बघतच असे.

"मैना पाण्याला टेकली म्हणे. तू कधी टेकायचीस?"

"टेकेन की."

"कधी? माझे दात पडल्यावर?"

भिवरा अर्ध्या ताटावरून उठे.

त्या गावाची शेती डोंगरातल्या एका झऱ्यावर होती. झऱ्याचं पाणी पाटाने खाली येई आणि प्रत्येक मळ्याला पाळीपाळीने मिळे. कुणाचं दार किती वेळ उघडं ठेवायचं, हे पाटकरी ठरवी. तळाला भोक पाडलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर ठेवायचं, ते भरून बुडालं की एक घटका झाली. ज्याचं रान मोठं त्याला जास्त घटका, ज्याचं लहान त्याला कमी. झऱ्याचं पाणी कधी वाढे, कधी आटे, म्हणून हा हिशेब दर पाळीला नव्याने करावा लागे. पाटकऱ्याने खांद्यावर फावडं टाकलं की थोरामोठ्यांनीही वाट सोडायची, असा त्याचा मान होता.

धोंडबा पाटकरी आता थकले होते. त्यांना भांडं बुडालेलं दिसेना. एक दिवस त्यांनी पारावर सांगितलं, "मी वर झऱ्याशी बसून पाणी किती आहे ते सांगेन. खाली वाटणी करायला मला नवा हात पाहिजे. होळी झाली की मी बारवेत येतो. तळाच्या पायरीवर जे कोणी असेल, त्यातूनच एक घेईन."

गाव म्हणालं, "मग काय, मैना आहेच!"

हे ऐकलं आणि भिवराच्या डोळ्यांसमोर मैना उभी राहिली, खांद्यावर फावडं घेतलेली. म्हातारी माणसं तिला विचारताहेत, "मैनाताई, आमची पाळी कधी?" आणि मैना सावकाश म्हणतेय, "सांगते, सांगते." आपल्या आईलाही तिच्यापुढे असंच उभं राहावं लागेल, हे आठवलं तेव्हा तर भिवराला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी ती पावकीच्या पायरीवर उतरली.

तिथे तिने गणितं रचली. चाराचा पाव किती? एक. आठाचा पाऊण किती? सहा. दहाचा अर्धा किती? पाच. उत्तरं कशी भराभर येत होती! साताचा पाव, पाचाचा पाऊण, असलं काही मनात आलं की ती त्याला दारातूनच परत पाठवी. मनाने "झालं का?" विचारायच्या आतच ती "झालं, झालं" म्हणून टाकी.

पंतोजी तिच्याशेजारी येऊन टेकले. त्यांनी पाटी पाहिली.

"भिवरा, तुझी सगळी गणितं बिनबाकीची कशी गं सुटतात?"

"मला सोपी जातात, पंतोजी."

"जात असतील. पण एखादं अडणारं घालून बघ. घालणारी तूच, सोडवणारी तूच. नाही आलं तर कुणाला कळायचंय?"

एवढं बोलून ते उठले. भिवराला वाटलं, मैनेला बरं कधी असं विचारत नाहीत! आणि होळीच्या आत तीही तळाच्या पायरीवर जाऊन बसली. पाणी गार होतं. तिने पाय घोट्यापर्यंत नाही, चांगले पोटऱ्यांपर्यंत बुडवले.

"आलीस?" मैना बाजूला सरकली. "बरं झालं. मला इथे एकटीला करमत नाही."

भिवराने आधी तिच्या पाटीकडे पाहिलं. पाटी पुसून पुसून पांढरी झाली होती. एकच गणित, तेही अर्धवट.

"कालपासून हेच घेऊन बसलेय," मैना म्हणाली. "पाऊणपाशी अडतंय गं. माझं पहिल्यापासून असंच. पावकीच्या पायरीवर मी अख्खा पावसाळा काढला होता, आठवतं ना?"

भिवराला आठवत नव्हतं. मैना ज्या ज्या दिवशी खाली उतरली, ते दिवस तिला लख्ख आठवत होते. मैना नुसती बसून राहिली, ते दिवस तिने पाहूनही पाहिले नव्हते.

"छे, मला नाही बाई इतका वेळ लागत," ती म्हणाली.

होळी झाली. धोंडबा काठी टेकत बारवेत आले. आणि त्याच सकाळी काय झालं असेल? मैना पाटी उचलून वर, पावकीच्या पायरीवर जाऊन बसली होती! काही केल्या तिचं गणित सुटत नव्हतं, म्हणून ती आपली आपण वर गेली होती. तळाला उरली होती एकटी भिवरा.

"एकच आहे का?" धोंडबांनी विचारलं.

"आज एकच," पंतोजी म्हणाले.

"येतं ना हिला?"

"इथली रीत अशी आहे, की ते तिचं तिनेच सांगायचं. पण तुम्ही एखादं गणित घालून बघा."

"मला पाटी दिसत नाही, पंतोजी. मला माणसाचा शब्द पुरे." धोंडबा भिवराकडे वळले. "बाळ, नीट विचार करून सांग. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, सगळ्याची वाटणी येते ना तुला?"

भिवराच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. खरंच आलं होतं. पण तेवढ्यात तिने वर पाहिलं. मैना मान खाली घालून लिहीत होती, तिचं इकडे लक्षही नव्हतं. आज आपण नाही म्हणालो तर हे फावडं उद्या कुणाच्या खांद्यावर जाईल, ते भिवराला स्वच्छ दिसलं.

"येतं," ती म्हणाली.

पहिले दिवस सुखात गेले. वरच्या अंगाचे मळे अख्ख्या बिघ्यांचे होते. कुणाचे दोन, कुणाचे तीन. तिथे भिवराची वाटणी सुरीसारखी चाले. लोक वाट सोडत, आई शेजारणीला मोठ्याने हाक मारून सांगे, "आमची भिवरा पाटावर गेलीय हो!" मैनेच्या घरावरून जाताना भिवरा फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई.

मग पाळी आली पाटाच्या शेवटच्या दोन मळ्यांची. कुशाबाचा हळदीचा मळा पावणेदोन बिघ्यांचा. त्याच्या बांधाला बांध लागून चिमाकाकूंचा मिरचीचा मळा, तो सव्वा बिघ्याचा. धोंडबांनी वरून निरोप पाठवला, दोघांत मिळून पाणी बारा घटका.

भिवराने वाळूत आकडे मांडले. पावणेदोन. सव्वा. बोट पुढे सरकेना. असले आकडे तिने स्वतःला कधी घातलेच नव्हते. बारव हाकेच्या अंतरावर होती. तिथे पंतोजी होते, जाऊन विचारता आलं असतं. पण तिथे मैनाही होती. भिवरा तोंडाला पदर लावून विचारते आहे आणि मैना वर बघून ऐकते आहे, हे चित्र तिला सोसेना.

तिने वाळू हाताने सारखी केली. पावणेदोन म्हणजे जवळजवळ दोनच की! आणि सव्वा म्हणजे एकच धरा. दोन आणि एक तीन. बाराला तिनाने भागलं, चार. कुशाबाला आठ घटका, काकूंना चार. बाकी शून्य. किती सुरेख सुटलं!

तिने दोनास एक याच मापाने पाणी सोडलं. त्या पाळीला सोडलं, पुढच्या पाळीला सोडलं, त्याच्याही पुढच्या पाळीला सोडलं.

ऊन तापू लागलं. चिमाकाकूंच्या मळ्याचं शेवटचं टोक भिजेना. तिथली मिरची आधी मलूल झाली, मग तिची पानं वळली, मग फुलं गळली. आणि बांधापलीकडे कुशाबाच्या हळदीत पाणी साचून राहू लागलं. हळदीच्या पानांना पिवळेपणा आला, आणि एक दिवस कंद उकरून पाहिला तर तो बोटाने दबला.

पण काकूंना हळदीचा कंद कुठे दिसत होता? त्यांना दिसत होतं ते बांधापलीकडचं पाणी. त्या तडक पारावर गेल्या.

"भावजी, माझं पाणी चोरता आणि वर माझ्याच दारात ताक मागायला येता?"

"मी? चोरलं?" कुशाबा उठून उभा राहिला. "वहिनी, चोरी करून माझीच हळद कुजवीन होय? चोर झालो तरी इतका अडाणी चोर नाही मी!"

"मग माझ्या मिरचीचं पाणी गेलं कुठं? मांजर प्यालं?"

बघता बघता गाव जमलं, धोंडबाही झऱ्यावरून उतरून आले. त्या गावात पाणी चोरणं हा सगळ्यात मोठा गुन्हा होता. चोराच्या मळ्याचं दार वर्षभर बंद होई. कुणी म्हणालं, पाणी साचलेलं तर आम्हीही पाहिलंय. कुणी म्हणालं, दार बंद करा. कुशाबाची बायको पदरात तोंड झाकून रडू लागली. पाटकऱ्याची चूक असेल, असं एकालाही वाटलं नाही. पाटकरी चुकत नाही, असंच त्या गावाने आजवर पाहिलं होतं.

भिवरा मागे उभी होती. आपलं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून आधी तिला हायसं वाटलं. हो, वाटलं. मग तिने कुशाबाकडे पाहिलं. तो हात जोडून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

तेवढ्यात गर्दीतून कोणी म्हणालं, "मैनेला बोलवा. ती चोरलेल्या पाण्याचा हिशेब काढेल."

ते नाव कानावर पडलं मात्र, भिवराच्या अंगावर चटका बसल्यासारखं झालं. मैना येणार. मैना वाळूत बोट फिरवणार. मैनेला कळणार. नाही! दुसऱ्या कुणाच्याही तोंडून चाललं असतं, मैनेच्या तोंडून नाही.

"मैनेला बोलवू नका," ती ओरडली. "चूक माझी आहे. कुशाबाकाकांनी काही केलं नाही. मला पावणेदोनची वाटणी येत नाही. मी अंदाजाने सोडलं पाणी."

धोंडबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"बाळ, मी तुला विचारलं होतं."

"हो, आजोबा."

"मग 'येतं' असं का म्हणालीस?"

भिवराला खोटं सुचेना. आता खोटं बोलायचं तरी कशासाठी?

"मैना खाली होती," ती म्हणाली. "म्हणून मला खाली जायचं होतं."

चिमाकाकू तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"अगं पण पोरी," त्या म्हणाल्या, "मैनेचा आणि माझ्या मिरचीचा काय गं संबंध?"

कुणी हसलं नाही.

कुशाबावरचा आळ गेला, पण त्याची अर्धी हळद गेली ती गेलीच. भिवराच्या खांद्यावरचं फावडं धोंडबांनी काढून घेतलं, आणि पंतोजींकडून हिशेब मांडून घेत वाटणी पुन्हा स्वतःकडे घेतली. तो सगळा उन्हाळा ती सकाळी आणि संध्याकाळी घागरीने पाणी वाहून काकूंच्या मळ्याच्या टोकाला घाली. थोडी मिरची वाचली. भिवराच्या आईने बरेच दिवस कुणाला मोठ्याने हाक मारली नाही.

आणि दिवसा भिवरा बारवेत जाई. ती पुन्हा पावकीच्या पायरीवर बसली, तिच्याहून वीतभर लहान असलेल्या मुलांमध्ये. पहिल्याच दिवशी एक पोरगं तिला हसलं आणि पालापाचोळा काढायला गेलं. भिवराचे कान तापले, पण ती उठली नाही. तिने पाटी घेतली आणि स्वतःला एक गणित घातलं. पावणेदोन आणि सव्वा, मिळून बारा घटका.

ते सुटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने ते मोडून लहान केलं. आधी एकाचाच पाव. मग चार पाव मिळून एक. मग पावणेदोन म्हणजे सात पाव, सव्वा म्हणजे पाच पाव. किती दिवस गेले, कोण जाणे. आणि एका दुपारी पाटीवर उत्तर उभं राहिलं. सात आणि पाच बारा पाव, पाणी बारा घटका, एका पावाला एक घटका. कुशाबाकाकांना सातच, आणि काकूंना पाच.

एवढंसं होतं ते. भिवरा त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

पावसाळा सरता सरता मैनेने आपल्या मनाला विचारलं, मन हो म्हणालं, आणि फावडं तिच्या खांद्यावर गेलं. भिवराला त्या दिवशी दुखलं. न दुखायला ती काही दगड नव्हती. रात्रभर ती कुशी बदलत राहिली आणि सकाळी लवकर उठून बारवेत आली, कारण पाऊणकीतलं एक गणित अडलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटली. मुलं कलकलाट करत वर गेली. पाटावरून परतणारी मैना काठावर थांबली, तिने हाक मारली, वाट पाहिली आणि ती निघून गेली. भिवराला यातलं काही कळलं नाही. ती लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती.

पंतोजी काठी टेकत वर जायला निघाले. तिच्यापाशी येऊन थांबले.

"काय गं, झालं का?"

भिवराने मान वर केली नाही.

"अजून नाही," ती म्हणाली. "वेळ लागेल मला."

तात्पर्य: शिकण्याची चाल ज्याने त्याने आपली आपण ठरवावी, पण ती ठरवताना आपल्या पाटीकडे पाहावं, शेजाऱ्याच्या पायरीकडे नाही.